नवरीच्या झंपराची पहिली टीप

मशीनचं डोकं गोधडीत गुंडाळून मी गोणीत घातलं होतं आणि ती गोणी मांडीवर घेऊन पूर्णेच्या फलाटावर बसले होते. मशीनचे लोखंडी पाय आणि पाट गावातच राहिले, ते कोण उचलणार? शेजारी माझा थोरला भाऊ, दादा, उभा. गाडी येईपर्यंत त्यानं रुळाकडं बघितलं, माझ्याकडं नाही. गाडी आली तशी गोणी आत चढवली आणि म्हणाला, "पोचलीस की फोन कर." एवढंच. जे बोलायला पाहिजे होतं ते तो घरातही बोलला नव्हता, मग फलाटावर काय बोलणार!

माय स्टेशनावर आलीच नाही. दारात उभी राहून म्हणाली, "मशीन न्यायलीस, म्हंजे तू परत यायची न्हाईस."

"येईन की गं."

"खोटं बोलू नको. बाई कपडे घेऊन निघाली तर परत येती. मशीन घेऊन निघाली तर न्हाई."

मायचं खरं झालं. मी हैदराबादची झाले. आता हे जे लिहायलेय ते गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं उठून निघालेल्यांसाठी आहे. वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या. माझाही अजून गेलेला नाही.

मी का निघाले ते आधी सांगते, कारण गावात त्याचे चार प्रकार फिरतात. कुणी म्हणतं शहराची हवा लागली, कुणी म्हणतं भावजयीशी पटलं नाही. सगळं झूट. मला नवऱ्यानं टाकलं होतं, हे खरं. सरकारी कागदावर त्याला मोठा शब्द आहे, गावात सरळ "टाकलेली" म्हणतात. नवरा जिवंत होता, म्हणजे हिशेबानं मी सवाष्ण. पण हळदीकुंकवाला बोलवायची वेळ आली की बरोबर माझंच घर विसरायचं. माहेरी परत आले तेव्हा मायनं तिच्या नावची एक पाटली मोडून मला मशीन घेऊन दिलं, आणि मी गावाची शिवणवाली झाले.

लय शिवलं हो मी. बायांचे झंपर, परकर, पोरींचे फुगा बाहीचे फ्रॉक, बाळंतिणीच्या लेकराला झबली-टोपडी. झबल्याला बटण लावायचं नाही, नाड्या लावायच्या, लेकराला टोचत नाहीत. परकराचा नेफा रुंद ठेवायचा, म्हणजे नाडी आत गुंडाळत नाही. फ्रॉकला पाठीवर टिचबटणं, कारण पोरींना दम नसतो, ओढलं की निघालं पाहिजे. झंपराला पुढून हुक. पुढूनच. माय स्वतः जन्मभर गाठीची चोळी घालायची, दोन टोकं छातीखाली ओढून गाठ मारली की झालं, ना हुक ना बटण. पण मला शिकवताना म्हणायची, "बाईच्या झंपराचा हुक पुढंच ठेवत जा. मागचा लावायला दुसरं माणूस लागतं, आन ते येळेला सापडत न्हाई." तेव्हा मी हसायचे.

आता रीत ऐका. आमच्याकडं नवरीच्या झंपराची पहिली टीप सवाष्णीनं मारायची. मशीनला हळदीकुंकू लावायचं, सवाष्णीनं एक टीप मारायची, मग पुढं शिंप्यानं शिवलं तरी चालतं. आणि एकदा शिवलेलं नवरीचं कापड उसवायचं नाही. वाकडं बसू दे, घट्ट होऊ दे, उसवायचं नाही. उसवलं तर संसार उसवतो म्हणे.

माझी चुलतबहीण छाया, तिचं लग्न निघालं. काकूंनी माझ्याकडं कापडांचा गठ्ठा टाकला, मानपानाचे झंपर शिवायला. त्यात चुकून नवरीचंही कापड आलं. मला काय माहीत चुकून आलंय! मला तर आनंदानं आभाळ ठेंगणं झालं. म्हणलं, बघा, घरच्यांनी तरी मला धरलं. मुंढे कापले, खांदे जोडले, टक्स घातले, उजवी बाही बसवली. डावी बाही मशीनखाली होती तेवढ्यात काकू आल्या. कापड बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. सुईखालून झंपर ओढला, दोरा तटकन तोडला.

"शोभे, हे तुझ्याकडं न्हाई टाकायचं होतं गं. तू टाकलेली. तुझ्या हातची पहिली टीप माझ्या पोरीला नको."

घरात माय होती, वहिनी चुलीपाशी होती, दादा ओसरीत बैलाची वेसण वळत बसला होता. त्यानं मान वर केली आणि परत खाली घातली. काकूंचं मला काही वाटलं नाही, खरं सांगते. त्या तशाच. दादाची ती खाली गेलेली मान मात्र माझ्या काळजात घुसली. ज्या भावानं मला नवऱ्याच्या दारातून आणलं, माझं सामान स्वतःच्या डोक्यावर घेतलं, त्याला "काकू, राहू द्या, माझी बहीण शिवायलीय" एवढं म्हणता आलं नाही.

पुढची गंमत तर अजून भारी. तो झंपर पूर्णेच्या एका शिंप्याकडं गेला. त्यानं विचारलं, हे सगळं उसवून पहिल्यापासून शिवू का? काकू म्हणाल्या, उसवायचं नाही, अशुभ! मग त्यानं बिचाऱ्यानं डावी बाही तेवढी बसवली आणि हुक लावले. म्हणजे खांदे माझे, टक्स माझे, उजवी बाही माझी, पहिली टीप तर माझीच. छाया तोच झंपर घालून बोहल्यावर उभी राहिली. मी मांडवाच्या कडेला बसून बघत होते. मला रडू यायला पाहिजे होतं, मला हसू येत होतं. अहो, तिचा संसार आज छान चाललाय, दोन लेकरं, नवरा जीव लावणारा. मग माझ्या हातचं अशुभ गेलं कुठं? डाव्या बाहीतून गळून पडलं का?

त्याच महिन्यात मी गोणी भरली.

हैदराबादेत गावातल्याच एकाच्या ओळखीनं बुटीकमध्ये काम लागलं. मालकीण तेलुगू, तिला सगळे अक्का म्हणतात. कटिंगला एक म्हातारे मास्टर होते, जुन्या शहरातले, शेरवानी शिवण्यात केस पिकलेले. पहिल्याच दिवशी एक बाई येऊन म्हणाली, जॅकेट पाहिजे. मी मनात म्हणलं, एवढ्या उन्हाळ्यात जॅकेट? मास्टर हसले. इथं झंपरालाच जॅकेट म्हणतात. परकराला पावडा. पोर वयात आली की तिला लंगा-ओणी शिवतात, घोळदार घागरा आणि वरून अर्धी साडी. लाकडी चौकटीवर कापड ताणून जरी-मण्यांचं काम करतात, त्याला मग्गम. कापडाच्या गोळीचं बटण आणि त्याला कापडाचाच फासा, त्याला मास्टर घुंडी म्हणायचे, बुटीकच्या पोरी पोटली बटण म्हणतात. तोंडातल्या तोंडात घोकत फिरायचे मी. बोट नेक, हाय नेक, प्रिन्सेस कट, कटोरी, बाजूला दडवलेली चेन, मागं डोरी आणि तिला लटकन.

पण मास्टर बोलायला लागले की मला परभणीच्या बाजारात उभं राहिल्यासारखं वाटायचं. तेच "हौ", तेच "नक्को". म्हणायचे, "सब आ जाता जी, फिकर नक्को करो." आणि आलं सगळं. मास्टर थकून घरी बसले तेव्हा अक्का दुसरा माणूस शोधायला लागली. मी म्हणलं, शोधू नका, कटिंग मी करते. ती म्हणाली, कटिंगला मास्टर लागतो. मी म्हणलं, मग मला मास्टर म्हणा! आता अख्खं दुकान मला शोभा मास्टर म्हणतं. सुरुवातीला काही जणी फिदीफिदी हसल्या. हसू दिलं. हसून दात दुखले की बंद होतात.

हैदराबाद म्हणजे स्वर्ग असं नाही हां. इथंही मंगळवारी नवं कापड कापू देत नाहीत. इथंही खोली भाड्यानं घेताना "साथ में कौन रहते" हे आधी विचारतात. एकटी राहायला लागले तेव्हा मायचं म्हणणं कळलं. मागून हुक असलेला एक झंपर हौसेनं स्वतःला शिवला आणि सणाच्या सकाळी तो लावता लावता हात आखडले. शेवटी तसाच काढून ठेवला आणि जुना, पुढच्या हुकाचा घातला. त्या दिवशी मात्र घराची आठवण आली. रडलेही. पण परत जावं असं नाही वाटलं.

आणि मग वैष्णवीचं लग्न ठरलं.

वैष्णवी म्हणजे दादाची पोरगी. मी निघाले तेव्हा बालवाडीत जात होती, माझ्याच हातचा फ्रॉक घालून. फोनवर आमचं रोजचं बोलणं. तिला लहानपणापासून एकच, माझ्या लग्नाचा ब्लाउज आत्या शिवणार. बोट नेक, कोपरापर्यंत बाही, बाहीवर मग्गम, पाठीवर पोटली बटणांची रांग, आत हुक, वर डोरी. मी कागदावर काढूनही ठेवला होता. दादाचा फोन आला. आवाज गूळ खाल्ल्यासारखा.

"शोभे, झंपर तुलाच शिवायचाय बरं का. लय झकास शिव. फक्त गावात आमी सांगू, परभणीतून शिवून आणला. आन एक टीप कच्ची सोड. तुझी वहिनी हितं मारील, म्हंजे रीत झाली."

मी हातातली कात्री खाली ठेवली.

"वरपक्ष बोरीचा हाय गं, जुन्या वळणाची माणसं. उगं कुणी काय बोलायला नको."

"दादा, वहिनीला सुईत दोरा ओवता येत न्हाई, ती टीप कशी मारील?"

"आगं नावाला!"

"नावालाच तर भांडायलेय मी. शिवीन तर माझ्या नावानं शिवीन. पहिली टीप माझी, आन मांडवात तिचे मागचे हुक लावायला बी मीच. जमत न्हाई तर खरंच परभणीत टाका शिवायला."

"पोरीच्या लग्नात हट्ट करायलीस तू."

"हौ. करायलेय."

त्यानं फोन ठेवला. संध्याकाळी वैष्णवीचा मेसेज आला, "आत्या, माझ्यासाठी एवढंही नाही का करणार?" हा घाव वर्मी बसला. काकूंनी दोरा तोडला तेव्हाही एवढं दुखलं नव्हतं. वाटलं, द्यावं शिवून, चोरून तर चोरून, काय बिघडतं? पोरगी माझ्या हातचं घालील हे काय कमी? कात्री हातात घेऊन बसले होते मी. मग मनात आलं, आज मी चोरून शिवलं तर उद्या ह्या पोरीला कळेल की आत्याचा हात लपवण्यासारखाच होता. मी तिला लिहिलं, "तुझ्यासाठीच नाही म्हणायलेय." तिचं उत्तर आलं नाही. रोजचं बोलणं बंद झालं. दुसऱ्याच्या पोरींचे लग्नाचे ब्लाउज कापत मी दिवस काढले, आणि प्रत्येक पाठीवर मला तिचीच पाठ दिसायची. पोरगी तुटली आपली, असंच धरून चालले होते.

एका दुपारी दुकानाच्या काचेच्या दाराशी दोघी उभ्या. वैष्णवी आणि वहिनी. वहिनी जन्मात कधी हैदराबादला आलेली नव्हती. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, हातात कापडी पिशवी. माझी ही वहिनी म्हणजे शंभर हाकांना एक ओ देणारी बाई. आत येऊन तिनं सगळ्यांसमोर पिशवी काउंटरवर ठेवली.

"वन्सं, घ्या माप."

"दादाला ठाऊक हाय का?"

"त्यांना गाडीत बसल्यावर फोन केला. सोयाबीन काढायलेत, मागं कसं येतील?" मग थांबून म्हणाली, "मला मशीन येत न्हाई. येत न्हाई ते येतंय म्हणून मी पोरीच्या लग्नात सांगणार न्हाई. हे मी त्यांना सांगितलं, आन पोरीला बी सांगितलं."

वैष्णवी माझ्या गळ्यात पडली. नुसती मुसमुसत होती. मी म्हणलं, "रडू नको, छातीचं माप चुकतंय." आणि तेच माप मी स्वतःच तीनदा घेतलं.

वहिनीनं पिशवीतून हळदीकुंकवाचा करंडा काढला. मशीनला बोट लावलं. मग माझ्याकडं वळून माझ्या कपाळाला लावलं, गावातल्या कुठल्याही बाईला लावावं तसं. अक्कानं विचारलं काय चाललंय, तर पोरी म्हणाल्या, शोभा मास्टरच्या घरचं लग्न आहे. मी पहिली टीप मारली.

लग्नाला मी दोन दिवस आधी गेले. हे बघायला माय मात्र उरली नव्हती. दादा बोलला माझ्याशी, चहा घे, बस, जेव, असं. नजरेला नजर देत नव्हता. मीही सोपं केलं नाही त्याला. का करावं?

लग्नाच्या दिवशी नवरीच्या खोलीत बायांची ही गर्दी. विहीणबाई बोरीहून आलेल्या, पलंगावर बसलेल्या, काकू त्यांच्या शेजारी. वैष्णवी माझ्याकडं पाठ करून उभी आणि मी तिचे हुक लावायलेय. काकूंनी बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, गावात काय लपतं? तरी मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "झंपर लय भारी बसलाय गं पोरीला. कुणी शिवला? परभणीचा का?"

वैष्णवीची पाठ माझ्या बोटांखाली ताठ झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून आवाज आला. दादा मुहूर्ताचं सांगायला आला होता, डोक्याला फेटा, हातात अक्षता.

"माझ्या बहिणीनं शिवला," तो म्हणाला. घसा खाकरून परत म्हणाला, खोलीबाहेर जाईल एवढ्या आवाजात, "शोभानं. पहिल्या टिपेपासून. परभणी-बिरभणी काय न्हाई."

"आरं पण ती..." काकू.

"काकू," मी म्हणलं, "छायाच्या झंपराची उजवी बाही कुणी बसवली होती? खांदे कुणी जोडले होते? छाया सुखात हाय का न्हाई?"

छाया तिथंच होती, शेजारी धाकटं पोर. ती खुदकन हसली. "म्हंजे तो तूच शिवलेला व्हय? आन मला आजवर कुणी सांगितलं बी न्हाई!"

सगळ्यांनी विहीणबाईंकडं बघितलं. ज्या बोरीच्या माणसांच्या भीतीनं माझं नाव झाकायचं चाललं होतं, त्या जुन्या वळणाच्या बाई. त्या पलंगावरून उठल्या आणि वैतागून म्हणाल्या, "आवो, शिवला कुणी ते मागून बघा की! मुहूर्त टळायलाय. ती डोरी बांधा लवकर."

बस. एवढीच ती भीती! तिच्यापायी मी गाव सोडलं आणि दादा इतकी वर्षं मान खाली घालून बसला. मी डोरी बांधली. घट्ट बांधली. डोळे वाहत होते तरी गाठ सुटू दिली नाही.

रात्रीची गाडी होती. तीन लंगा-ओणी कापायच्या राहिल्या होत्या, अक्काचे फोनवर फोन. दादा स्टेशनावर आला. ह्या वेळी माझ्याकडं बघून बोलला. "ऱ्हा की चार दिस. घर तुझंच हाय."

आता तुम्ही म्हणाल, शोभा विरघळली असंल. नाही. भाऊ बोलला, मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, भरून आलं. पण म्हणून झालं गेलं गंगेला मिळालं असं मी म्हणणार नाही. घर माझंच आहे हे मला आधीही ठाऊक होतं. त्या घरातल्यांना चौघांत ते म्हणायला एवढी वर्षं लागली. इथं माझं नाव दिवसातून पन्नासदा मोठ्यानं घेतात, भांडायला घेतात, चहाला घेतात, पैसे कापायला घेतात, पण घेतात. मला आता घर म्हणजे तेवढंच कळतं. जिथं माझं नाव दबक्या आवाजात घ्यावं लागत नाही, ते घर. हैदराबाद त्या हिशेबात पास झालंय. गावाचं बघू.

दादाला मी म्हणलं, "येईन की. बोलव. आन कुणी इचारलं, कोण आलंय घरी, तर आज सांगितलंस तसंच सांग."

"आज सांगितलं की गं."

"एकदानं भागत न्हाई, दादा. अजून सांगावं लागंल."